उगवतीला गेलेलं दूध

जगदेवराव गेले त्याच्या आदल्या दिवशीही दूध उतू गेलं होतं.

यात नवल काही नव्हतं. रिठदच्या त्या घरात दूध रोज संध्याकाळी उतू जायचं आणि रोज एकाच कारणाने. रुख्मिणीबाई पातेलं गॅसवर ठेवून वाळलेले कपडे काढायला गच्चीवर जात. जाताना नवऱ्याला सांगत, "दुधावर ध्यान ठेवा." जगदेवराव ओट्याजवळ स्टूल ओढून बसत, दुधावर नजर रोखत आणि नेमका त्याच वेळी पुण्याला लेकीला फोन लावत. त्या दिवशीही लावला.

"हॅलो, वैभवी? काय करून राह्यली?"

"काम करतेय, बाबा. तुम्ही दुधाजवळ बसलाय का?"

"हो ना. ध्यान हाये माझं. काल गेलतो वाशिमले. पाटणी चौकाजवळ पिझ्झाचं दुकान निघालं."

"मग खाल्लात का?"

"मी कायले खाऊ? पाहून आलो. तुले लागंन ना तो, म्हणून पाह्यला."

वैभवी पुण्यात एका प्रकाशनसंस्थेत संपादक होती. गेली काही वर्षं ती घरूनच काम करत होती, आणि जगदेवरावांचा सगळा युक्तिवाद याच एका खिळ्याला टांगलेला असे. "घरूनच काम करतं ना तू? मंग ते घर वाशिमले असलं तं कोणाचं काय जाते? तिथं तुह्या खिडकीतून दुसऱ्याची भिंत दिसते. इथं तेवढ्या भाड्यात सूर्य दिसंन, पोरी. अन् रिठद पाऊण तासावर. मी सकाळी यीन, वांगे देऊन परत जाईन."

"बघते, बाबा."

"बघते कायले? 'येतो' म्हण. आपल्या इकडल्या बाया 'येतो' म्हंतेत. पुण्याले गेली अन् बघते-बघते शिकली."

"बाबा, आधी गॅस बंद करा, मग बोला."

"ध्यान हाये म्हटलं ना माझं—"

मग फोनमधून फस्स असा आवाज आला आणि पाठोपाठ रुख्मिणीबाईंचा. "गेलं! आजबी गेलं! इथं बसून काय भजन करून राह्यले व्हते काय?"

"मी नंतर करतो," असं घाईघाईने म्हणून जगदेवरावांनी फोन ठेवला.

नंतर केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर चहा पिता पिता ते गेले. कप हातातून पडलाही नव्हता. शेजारी नीट ठेवलेला होता.

उन्हाळा लागला तेव्हा रुख्मिणीबाईंनी कुठे राहायचं, हा प्रश्न सगळ्या नातेवाइकांनी चघळून झाला होता. त्या पुण्याला राहून आल्या होत्या. तिथे लिफ्टमध्ये भेटेल त्याला त्यांनी "कुठले तुमी?" असं विचारून पाहिलं. कोणी मोबाइलमधून मान वर केली नाही, म्हणून रागाने त्या जिन्याने चढू लागल्या. गुडघ्यांनी नकार दिल्यावर त्यांनी पिशवी भरली. रिठदला त्या एकट्या, आणि वैभवी एकुलती एक. रात्री आईचा फोन उशिरा आला की वैभवी उचलण्याआधीच चप्पल शोधू लागायची.

रुख्मिणीबाईंचा स्वतःचा फोन कधीचा बिघडला होता, त्यामुळे आता त्या जगदेवरावांचाच वापरत. वैभवीच्या मोबाइलमध्ये त्या नंबरापुढे अजून 'बाबा' असंच नाव होतं. बदलणं मिनिटभराचं काम होतं. तिला ते मिनिट अजून मिळालं नव्हतं. आईचा फोन आला की पडद्यावर 'बाबा' उमटायचं, आणि उचलण्याआधी तिच्या दोन-तीन रिंगा तशाच जायच्या.

वाशिमचा विषय पुन्हा काढला तो हरीओमने. हरीओम तिच्या आत्याचा मुलगा. घरं आणि प्लॉट दाखवणं हा त्याचा धंदा होता आणि स्वभावही. "ताई, वाशिमातच लाखाळ्यात एक वरचा मजला हाये. मामानंच पाहून ठेवला व्हता. एकदा नजर तं टाक."

वैभवी आईला घेऊन नजर टाकायला आली होती. तेवढंच करायला. संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट तिच्या पर्समध्ये होतं. घर बघायचं, चांगलं आहे म्हणायचं, विचार करून कळवते म्हणायचं आणि निघायचं, असं तिने ठरवलं होतं. नाही म्हणायला तिच्याकडे एकही धड कारण नव्हतं. संपादकीय कामाला शहर लागत नाही, हे ऑफिसनेच मान्य केलं होतं. पुण्याचं भाडं दर वर्षी जिना चढत होतं. मित्रमैत्रिणी होत्या, पण त्याही आता फोनवरच भेटत. जे कारण होतं ते कोणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. आता यायला जमलं, तर आधीही जमलं असतं.

घराचे मालक उकंडराव खाली राहत. जिल्हा परिषदेतून निवृत्त झाल्यापासून हे घर दाखवणं हेच त्यांचं कार्यालय होतं. त्यांनी प्रत्येक खिडकी स्वतः उघडून स्वतः बंद केली.

"हवा पाहा, हवा. कूलरची गरज नाई," उकंडराव कपाळ पुसत म्हणाले.

"मग हा कूलर कोणाचा?" वैभवीने विचारलं.

"तो शोभेले हाये."

त्यांची बायको मंगरूळपीरला लेकीकडे गेली होती. चहा विचारायचा तर करणार कोण, या विचाराने ते कासावीस झाले. वरच्या स्वयंपाकघरात त्यांची जुनी शेगडी आणि सिलिंडर पडलेलं होतं, ते पाहून रुख्मिणीबाईच म्हणाल्या, "तुमी दूध-साखर आणून द्या भाऊ, चहा मी करतो."

उकंडरावांनी खालून पातेलंभर दूध आणलं आणि हरीओमला मोटर दाखवायला खाली घेऊन गेले. रुख्मिणीबाईंनी शेगडी पेटवली. वैभवी पातेल्याजवळ उभी राहिली, गॅस बारीक केला.

"दुधावर ध्यान ठेव," आई म्हणाली. आणि शेगडीपाशी क्षणभर घुटमळून, "मी गच्चीवरच्या नळाले पाणी कसं येते ते पाहून येतो," असं म्हणत जिना चढून गेली.

वैभवीने दुधावर ध्यान ठेवलं. साय धरायला लागली होती. तेवढ्यात ओट्यावरचा मोबाइल वाजला. पडद्यावर 'बाबा' होतं.

आई वर गच्चीवर आहे, फोन तिच्याकडे आहे, हे तिला कळत होतं. तरीही संध्याकाळची ती वेळ, समोर तापणारं दूध आणि ते नाव. ती बघत राहिली. एक रिंग, दुसरी, तिसरी. मग फस्स असा आवाज झाला, आणि तिने वर पाहिलं तेव्हा दूध पातेल्याच्या काठावरून उडी मारून ओट्यावरून धावत निघालं होतं.

"गेलं!" ती ओरडली.

"काय गेलं?" रुख्मिणीबाई दारातून आल्या. "अगं बाई. माह्याकडून चुकून बटण दबलं वाटते फोनचं."

करपलेल्या दुधाचा वास गल्लीपर्यंत गेला. समोरच्या घरातल्या विमलबाईंचं नाक अशा कामी फार वाकबगार होतं. त्या पदराला हात पुसत वर आल्या, ओट्याकडे पाहिलं, आणि त्यांनी हात जोडले.

"दूध उतू गेलं! नव्या घरात! अन् तेबी उगवतीले!"

"अहो, चुकून गेलंय," वैभवी म्हणाली. "आम्ही फक्त चहा करत होतो."

"चुकूनच जाते वं बाई लक्ष्मी. बोलावल्यानं कोठी येते?" विमलबाई जशा आल्या तशाच खाली धावल्या आणि हळदी-कुंकवाचा करंडा आणि साखरेची वाटी घेऊन परत आल्या. वैभवीच्या कपाळाला त्यांनी कुंकू लावलं. मग बोट करंड्यात बुडवून रुख्मिणीबाईंकडे वळल्या, आणि हात वाटेत थांबला. विमलबाईंनी करंडा बाजूला ठेवला आणि रुख्मिणीबाईंच्या हातावर मूठभर साखर ठेवली. नेमापेक्षा बरीच जास्त.

एवढ्यात उकंडराव आणि हरीओम वर आले.

"दूध उतू गेलं," विमलबाईंनी जाहीर केलं. "उगवतीले."

"जाणारच," उकंडराव अभिमानाने म्हणाले. "मिस्त्रीनं ओट्याचा उतारच तिकडं काढला. लोक म्हणत व्हते, ओटा वाकडा झाला. मी म्हटलं, राहू द्या, शुभ हाये."

"वा!" हरीओम म्हणाला. "म्हंजे घर लागलं ना, ताई!" आणि कोणी थांबवायच्या आत त्याने घराण्याच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं, 'वैभवीताईचा वाशिमात गृहप्रवेश. दूध उतू गेलं.' दोन मिनिटांत अंगठ्यांचा आणि गुलाबांचा पाऊस पडला. त्या गटावर याआधीचा निरोप जगदेवराव गेल्याचा होता, त्यामुळे दोघा काकांनी सवयीने, न वाचताच 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं. एका मावशीने विचारलं, ओटा कडप्प्याचा आहे की ग्रॅनाइटचा?

"हरीओम, ते काढून टाक आधी," वैभवी म्हणाली. "माझं काही ठरलेलं नाही. मला साडेसातची गाडी आहे."

"आता काढून काय होईन? सगळ्याईनं पाह्यलं."

खाली गल्लीत हॉर्न वाजला. उकंडरावांचा चेहरा पडला.

"हे प्रेमसिंग मास्तर असतीन," ते म्हणाले. "मानोऱ्याहून बदली झाली त्याईची. तुमी नाई म्हटलं तं घर त्याईले, असं बोलणं झालं व्हतं. पण ते पाह्याले येणार व्हते. सामान घेऊन नाई."

प्रेमसिंग मास्तर सामान घेऊन आले होते. गल्लीच्या तोंडाशी टेम्पो अडकला होता आणि त्यावर कपाट, पलंग, पाण्याची टाकी आणि सगळ्यांवर उलटी बांधलेली सायकल होती. "टेम्पो रिकामाच वाशिमला येत होता," मास्तर वर येत म्हणाले. "म्हटलं, घर पसंत पडलंच तर परत कशाला जायचं? नमस्कार. कुठली खोली मोठी?"

"मास्तर," उकंडराव म्हणाले, "घर देतो मी तुमाले. पण दूध उतू गेलं."

"मग पुसून घेऊ."

"तसं नाई. या ताईच्या हातून गेलं. उगवतीले."

प्रेमसिंग मास्तर विज्ञान शिकवत. त्यांनी हसून सांगितलं की दुधावर सायीचा थर येतो, खाली वाफ कोंडते, त्यात शुभ-अशुभ काही नाही. ते संपूर्ण कारण सांगेपर्यंत सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग त्यांनी बायकोला फोन करून हेच कारण तिलाही सांगितलं. फोनमधून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, पण मास्तरांचं विज्ञान पलंगासारखं आडवं झालं.

"ती म्हणते, दुसरीचं दूध उतू गेलं त्या घरात माझं दूध तापणार नाही."

"अहो, मास्तर, तुम्ही घ्या ना घर," वैभवी कळवळून म्हणाली. "मी घेतलेलं नाहीच. मी फक्त बघायला आले होते. आई, तू सांग ना."

रुख्मिणीबाई पाटावर बसून साखर खात होत्या. "मी काय सांगू? मी तं नळ पाहत व्हतो."

तेव्हा हरीओमला एकदम आठवलं आणि त्याने जीभ चावली. "अरे! मामाले जाऊन वर्स झालं नाई अजून. वर्सभर घरात शुभकार्य जमत नाई. अन् मी गटावर गृहप्रवेश लिहून बसलो!"

विमलबाईंचा हात करंड्यावर गेला, जणू कुंकू परत घ्यावं की काय. आता दोन पक्ष पडले. दूध उतू गेलं म्हणजे घर लागलं, आता मागे फिरणं अशुभ, असं विमलबाईंचं म्हणणं. वर्षाच्या आत घर करणं अशुभ, असं हरीओमचं. उकंडराव दोन्ही बाजूंना मान हलवत होते, कारण भाडं दोन्हीकडून येऊ शकत होतं. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, त्याच्या मागे एक पाण्याचा टँकर येऊन उभा राहिला होता आणि टँकरवालाही वाजवत होता. वैभवीला सुटकेची फट दिसली. "बरोबर आहे हरीओमचं," ती म्हणाली. "वर्ष होऊ दे. मग बघू."

'बघू' म्हणताना तिचं तिलाच कसंसं झालं.

"रिठदच्या गुरुजीले इचारून घ्या," रुख्मिणीबाई साखरेचा शेवटचा कण तळहातावरून टिपत म्हणाल्या. "ते सांगतीन ते खरं."

हरीओमने स्पीकरवर फोन लावला. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. मागून त्यांच्या घरातला कुकर शिट्ट्या देत होता.

"मले एक सांगा," गुरुजी म्हणाले. "दूध उतू घातलं, का उतू गेलं?"

"गेलं," सगळे म्हणाले.

"पूजा मांडली व्हती?"

"नाई. चहा मांडला व्हता."

"कोणी जाणूनबुजून केलं नाई?"

सगळ्यांनी वैभवीकडे पाहिलं. "नाही हो," ती म्हणाली. "मला फोन आला होता."

"मंग दोष नाई," गुरुजी म्हणाले. "घातलं तं कार्य. गेलं तं योग. कार्य वर्सभर बंद असते, योगाले कोण अडवते? राहा खुशाल. कुकर झाला, ठेवतो."

निकाल लागला. मास्तरांनी विज्ञानाच्या वतीने एक लांब श्वास सोडला. मग विमलबाईच म्हणाल्या की त्यांचा मुलगा नागपूरला गेल्यापासून समोरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, आणि मास्तरीणबाईंनी तिथे स्वतःच्या हाताने हवं तेवढं दूध उतू घालावं. टेम्पो मागे घ्यायचा तर टँकर मागे घ्यावा लागणार होता, त्यामुळे पुढे नेणंच सोपं होतं. सायकल उतरली, कपाट उतरलं. हरीओम हात लावायला गेला, उकंडराव सूचना द्यायला गेले.

वर दोघीच उरल्या. रुख्मिणीबाई ओटा पुसत होत्या. वैभवी शेगडीकडे बघत होती.

"आई, मी गॅस बारीक केला होता."

"असंन."

"दूध गेलं तेव्हा पूर्ण मोठा होता."

"जुनी शेगडी हाये. सरकते आपोआप."

"आणि तुझं बटण दबलं चुकून. बाबांच्या फोनला बटणं कुठे आहेत, आई? आहे तो काचेचा पडदा. एकदा दाबून तुझ्याकडून फोन लागतच नाही, म्हणून माझ्यावर ओरडतेस."

रुख्मिणीबाईंनी फडकं पिळलं. घाई न करता वाळत टाकलं.

"वर्स होईतो घर करता येत नाई," त्या म्हणाल्या. "अन् वर्स होईतो तू बघते-बघते करत बसली असती. आपून केलं तं दोष लागते. म्हणून म्हटलं, आपोआप झालं पायजे."

"पण मी फोनकडे बघत बसेन आणि दूध जाईल, हे तुला कसं ठाऊक?"

"आतापरेंत ते दूध पुसलं कोणं? मीच ना? तुमा बापलेकीचं मले मालूम नाई काय? फोन लागला का दूध गेलंच."

वैभवी हसली. गेल्या काही महिन्यांत पहिल्यांदाच तिला पोट धरून हसू आलं, आणि हसता हसता ती ओट्याला टेकून खाली बसली. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "आई, आता येता येतंय, म्हणजे आधीही येता आलं असतं."

"हो," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "आलं असतं."

त्यांनी खोटं समाधान कधी कोणाचं केलं नव्हतं, आताही केलं नाही. उरलेलं दूध त्यांनी पुन्हा शेगडीवर ठेवलं. "म्हणून काय आताबी नाई येणार? येडीच हाये. उठ. लोकाईले चहा पायजे. मी खाली जाऊन पाह्यतो, किती कप लागतेत ते. दुधावर ध्यान ठेव."

त्या एकेक पायरी उतरत खाली गेल्या. गल्लीत टँकर पुढे सरकला होता. मास्तर कोणाला तरी पलंगाचे पाय कसे बसवायचे ते समजावत होते, आणि पश्चिमेच्या खिडकीतून खरोखरच सूर्य दिसत होता, कोणाचीही भिंत मध्ये न येता.

मोबाइल वाजला. 'बाबा'.

पातेल्यात दूध चढायला लागलं होतं. वैभवीने आधी गॅस बंद केला. साय थरथरून खाली बसेपर्यंत थांबली. मग फोन उचलला.

"उकंडराव इचारून राह्यले," पलीकडे आईचा आवाज सुरू झाला, "काय सांगू त्याईले—"

"हो, बाबा," वैभवी म्हणाली. "येतो मी."